कामाची सायकल

आमच्या सोसायटीतला एक मुलगा नुकताच नोकरीला लागला. घर कोथरूडला, ऑफिस शिवाजीनगरला, अंतर सात किलोमीटरच्या आत. बसची वाट बघण्यापेक्षा सायकलनेच जायचं त्याने ठरवलं आणि मला म्हणाला, "काका, दुकानात तुम्ही बरोबर चला." दुकानात साठ-सत्तर सायकली ओळीने उभ्या होत्या. जाड खाचांचे टायर, पुढे शॉकॲब्सॉर्बर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. दुकानदार एकेकीचे गुण सांगत होता. मुलाने विचारलं, "हिला मडगार्ड?" "ते वेगळं घ्यावं लागतं सर, ॲक्सेसरीमध्ये." "कॅरियर?" "तेही ॲक्सेसरी." स्टँड, घंटी, दिवा, कुलूप, सगळं वेगळं. आहे तशी घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी डबा लावून कामावर निघालो, असं जिच्या बाबतीत करता आलं असतं अशी सायकल त्या दुकानात एकच होती. काळी, बावीस इंची, दाराजवळ धूळ खात उभी.

या 'ॲक्सेसरी' शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. आषाढात कामावर जाणाऱ्या माणसाला मडगार्ड ही हौस नसते. डबा, छत्री, परतताना घ्यायची भाजी हे सगळं रोजचं आहे. म्हणजे कॅरियरही रोजचाच. कामावर जायला सायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा उलट्या बाजूने हाती घेतो. आधी कंपनी, मग गिअर, मग ब्रेक, मग रंग, आणि शेवटी उरलेल्या पैशांत जमेल तेवढं 'वरचं सामान'. माझं म्हणणं असं, की सुरुवात त्या वरच्या सामानापासून करावी. अंतर किती, चढ कुठे, पाऊस किती, सामान काय, कपडे कोणते, दोन्ही टोकांना सायकल उभी कुठे राहणार आणि बिघडली तर हात कोण लावणार, एवढं मांडून झालं की निवड बरीचशी आपोआप होते.

आणि हा काही चार हौशी लोकांचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कशाने जातात हे विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. स्कूटर-मोटारसायकलवाले त्याहून किंचित कमीच भरले. त्यानंतर चित्र बदललं असेल, पण सकाळी सहा-साडेसहाला रस्त्यावर उभं राहून बघा. वॉचमन, माळी, गवंडी, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका, हॉटेलात काम करणारी पोरं सायकलवरच दिसतात. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात कुणाच्या तरी मुलाने सोडून दिलेली, मडगार्ड नसलेली डोंगरी सायकल असते. ज्याला रोज लागते त्याच्यासाठी दुकानात काही मांडलेलंच नसतं, ही गोष्ट मला फार लागते.

माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते असल्या लोंढ्यांमुळे. त्यांची सायकल चोवीस इंची सांगाड्याची, काळी. चेन पूर्ण झाकलेली, कॅरियरला डबा पकडणारी स्प्रिंगची पट्टी, मागच्या चाकाला घोड्याच्या नालासारखं कुलूप, पुढे डायनॅमोचा दिवा. घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी पांढराच परत यायचा. त्याच कॅरियरवर दळण यायचं, गॅसचा सिलिंडर यायचा, आणि पुढच्या नळीवर लावलेल्या छोट्या सीटवर मी. सत्तावीस वर्षं ती सायकल चालली. मध्ये चेनी बदलल्या, फ्रीव्हील बदललं, दोनदा रिम बदलल्या, सांगाडा तोच.

या सायकलीचं घराणं इंग्लंडचं. रॅले, बीएसए, हर्क्युलिस या कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचं रूप पक्कं केलं आणि स्वातंत्र्यानंतर ते आपल्याकडे रुजलं. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये उभी राहिली. अठ्ठावीस इंची चाकं, दीड इंची टायर, ऐसपैस सांगाडा, सीटपेक्षा उंच हँडल. ताठ बसून, मान सरळ ठेवून, चारी बाजूंना बघत जाता येतं. गर्दीच्या रस्त्यावर या बसण्याची किंमत वेगाहून मोठी आहे. मुंबईचे डबेवाले आजही स्टेशनाबाहेर याच जातीच्या सायकलीवर डबे लटकवून निघतात. त्या ओझ्याखाली डगमगणार नाही आणि मोडली तर कोपऱ्यावर दुरुस्त होईल अशी दुसरी सायकल त्यांना अजून सहजी मिळालेली नाही. याच जातीवर मोठ्या झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी.

मग आजही ती काळी सायकलच घ्यावी का? सपाट गाव असेल, अंतर पाच-सहा किलोमीटर असेल, सामान बरंच असेल, तर मी बेलाशक हो म्हणेन. सांगली, सोलापूर, नागपूर इथे ती छान चालते. पण तिच्यात दोन उणिवा आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. पहिली ब्रेकची. तिचे रॉड ब्रेक रिमला आतून दाबतात. रिम पोलादी, वर चकाकता मुलामा. पावसात त्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि रबर नुसतं घसरत राहतं. सायकल थांबते, पण कोरड्या दिवशी थांबली असती तिथून कितीतरी पुढे जाऊन. जुने लोक म्हणून पावसाळ्यात चौक यायच्या बरंच आधीपासून ब्रेक हलका दाबून धरायचे. रिम आधी पुसली जायची आणि मग खरा ब्रेक लागायचा. ही सवय आजही कामाची आहे.

दुसरी उणीव चढाची, आणि इथे जरा गणित मांडतो, कारण गिअरबद्दल दुकानात जे बोललं जातं त्याचा उलगडा याच गणितात आहे. काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे १८. पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे सपाटीला बेतलेला गिअर. पण चढाला वेग दहावर येतो, तेव्हा पाय मिनिटाला जेमतेम तीस फेरे मारत असतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर भार येतो, माणूस सीटवरून उठतो आणि अखेर उतरून ढकलू लागतो. आता साध्या गिअरच्या सायकलीत पुढे २८ आणि मागेही २८ दाते लावा. एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या आत जाते. त्याच दहाच्या वेगाला पाय पंचाहत्तर फेरे मारतात, श्वास थोडा वाढतो, पण गुडघे शाबूत राहतात.

वजनाचंही असंच. लोक हलकी सायकल शोधत फिरतात. पासष्ट किलोचा माणूस, पाच किलोची बॅग आणि एकवीस किलोची सायकल मिळून ९१ किलो होतात. सायकल चौदा किलोची घेतली तर ८४. चढावर उचलायचं ओझं आठेक टक्क्यांनी कमी झालं. सपाटीला तर फरक जाणवतही नाही. गिअर बदलल्याने जो दिलासा मिळतो त्यापुढे हे काहीच नाही. वजनाचा विचार खरा करावा लागतो तो लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने, कारण त्याला ती रोज खांद्यावर घ्यायची असते.

पण म्हणून एकवीस गिअर लागत नाहीत. पुढे तीन आणि मागे सात यांचा गुणाकार करून एकवीस म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच जोड्या एकसारख्याच निघतात आणि काहींत चेन इतकी तिरकी होते की त्या वापरूच नयेत. पुढे एकच चक्र ३६-३८ दात्यांचं आणि मागे सात, सर्वांत मोठं २८ किंवा ३४ दात्यांचं, एवढ्यात पुण्याचे बहुतेक चढ निघतात. कोथरूडहून शहरात येणाऱ्याचा सकाळी उतार आणि संध्याकाळी दमल्यावर चढ असतो. कात्रज, बाणेर, चांदणी चौकाकडे राहणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यांनी गिअर घ्यावेतच. ज्यांना एकच गिअर हवा पण थोडा चढ आहे, त्यांनी मिस्त्रीला सांगून मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २० दात्यांचं बसवून घ्यावं. जोर दहा टक्के कमी लागतो. चेन मात्र कधी कधी एखाद्या कडीने वाढवावी लागते.

डोंगरी सायकल आपल्याकडे आली आणि रेंजर, स्ट्रीटकॅट ही नावं नव्वदच्या दशकात प्रत्येक पोराच्या तोंडी झाली. दिसायला दणकट, हँडल सरळ, टायर जाड. कामावर जायला मात्र ती तीन ठिकाणी नडते. खाचांचा टायर डांबरी रस्त्यावर घूंऽऽ आवाज करत चालतो आणि पायांतला जोर खातो. पुढचा स्वस्त शॉकॲब्सॉर्बर म्हणजे आत नुसती स्प्रिंग. ती वजन वाढवते, चढाला उठून पायडल मारलं की आपला जोर स्वतःच पिऊन टाकते आणि दोन पावसाळ्यांत गंजून अडकते. तिसरं, तिला धड मडगार्ड बसत नाही. प्लॅस्टिकचं आखूड पातं वर लटकतं आणि चाकाचं पाणी खालून थेट पाठीवर येतं.

तरीही ती घरात आधीच असेल तर नवी घेऊ नका. मुलगा शिकायला बाहेर गेला, सायकल जिन्याखाली पडून आहे, अशी घरं कितीतरी आहेत. खाचांचे टायर काढून त्याच मापाचे गुळगुळीत, दीड-पावणेदोन इंची टायर घाला. लांब मडगार्ड, पक्का कॅरियर, स्टँड लावा. ब्रेकचे रबर नि केबल बदला, मागच्या हबमधले छर्रे धुऊन ग्रीस भरा. नव्या सायकलीच्या पाव किमतीत कामाची सायकल तयार होते. आमच्या ओळखीच्या दोन घरांत मी हे करून दिलं आणि दोन्ही सायकली आज रोज रस्त्यावर आहेत.

दोन्हींच्या मधली जात म्हणजे हायब्रिड. चाक मोठं, टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद, पुढचा चिमटा साधा, बसणं थोडं पुढे झुकलेलं. पाच ते पंधरा किलोमीटरच्या रोजच्या येण्याजाण्याला माझं मत हिलाच. पण नाव हायब्रिड म्हणून डोळे मिटून घेऊ नये. दुकानात गेल्यावर आधी खाली वाका आणि मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो त्याच्या वर बघा. तिथे दोन्ही बाजूंना आटे पाडलेली छोटी भोकं आहेत का? एक जोडी मडगार्डच्या तारांसाठी, एक कॅरियरच्या पायांसाठी. दोन जोड्या असल्या तर उत्तम. सीटखालच्या नळ्यांवरही अशीच एक जोडी हवी. मग टायर आणि चिमटा यांच्या मधल्या फटीत बोट घाला. बोट सहज फिरलं तर तिथे मडगार्ड मावेल. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि गिअर मोजण्यापेक्षा तिच्यातून सायकलबद्दल जास्त कळतं.

ही भोकं नसतील तर काय होतं ते मी स्वतः भोगलं आहे. सीटच्या नळीला आवळायचा कॅरियर मी एकदा लावून घेतला होता. विकणाऱ्याने मजबुतीची खात्री दिली होती. पंधरा दिवस बरा चालला. मग एका संध्याकाळी नळस्टॉपला खड्ड्यात चाक आपटलं, कॅरियर नळीभोवती गर्रकन फिरला आणि लॅपटॉपची बॅग तारांत गेली. मागून बस येत होती. मी वाचलो तो मागच्या दुचाकीवाल्या ताईंनी वेळेवर हात दाखवून बस थांबवली म्हणून. खाली दोन्ही बाजूंना पाय टेकलेला आणि वर सांगाड्याला जोडलेला कॅरियरच लावा. किती किलो पेलेल ते त्यावर कोरलेलं असतं. २५ किलोचा असला की रोजचं सगळं भागतं. पाठीवर बॅग घेऊन जाऊ नका. सात किलोमीटरनंतर पाठीवर घामाचा जो चौकोन उमटतो, तोच कित्येकांच्या सायकल सोडण्याचं कारण होतो.

शर्यतीच्या सायकलीबद्दल इथे फार लिहीत नाही. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन यायला झकास. पण आपल्या रस्त्यांवर गटाराच्या लोखंडी जाळ्या असतात आणि त्यांच्या फटी कित्येकदा रस्त्याच्या दिशेनेच असतात. पंचवीस मिलिमीटरचा टायर त्यात जाऊन अडकला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. घडीची सायकल मात्र एका परिस्थितीत मोलाची ठरते: अर्धी वाट लोकलने किंवा मेट्रोने आणि दोन्ही टोकांना दोन-दोन किलोमीटर. लंडनच्या अँड्र्यू रिची यांची ब्रॉम्प्टन या प्रकारात जगभर नावाजली आहे, पण तिची किंमत आपल्या नोकरदाराच्या खिशाला झेपणारी नाही. घडीची कल्पना बघायची असेल तर पुण्यातल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची पॅराट्रूपर सायकल आहे, ती जरूर बघावी. सैनिकाने विमानातून उडी मारताना बरोबर न्यायची सायकल. तिचा सांगाडा मध्ये दुमडतो.

ज्या सायकलीला आपण 'लेडीज' म्हणून बाजूला ठेवतो तिच्याबद्दल थोडं थांबून लिहितो. वरची आडवी नळी नसलेला, पाय पुढून सहज पलीकडे टाकता येणारा सांगाडा बायकांच्या लांब झग्यांसाठी निघाला हे खरं. पण कॅरियरवर वीतभर उंच सामान असेल, गुडघा दुखत असेल, सिग्नलला दर दोनशे मीटरवर उतरावं लागत असेल, तर पाय मागून फिरवून टाकणं पुरुषालाही जड जातं. नेदरलँड्समध्ये आणि जपानमध्ये पुरुषही बेधडक असल्या सायकली वापरतात. जपानी घरोघरची सायकल तर पुढे टोपली, मागे कॅरियर, झाकलेली चेन, दिवा, कुलूप, दोन पायांचा स्टँड अशी सगळी जोडूनच विकतात. जर्मनीत दिवे, रिफ्लेक्टर, घंटी हे कायद्यानेच लागतं. आपल्याकडेही एके काळी नगरपालिकेचा बिल्ला नसला, रात्री दिवा नसला की पोलीस सायकल अडवायचे, आणि दिव्याच्या धाकाने का होईना, सायकल पूर्ण असायची. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला मी असा बिनदांड्याचा सांगाडाच सुचवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि पडण्याचं भय निम्मं होतं. साडी किंवा ओढणी असेल तर मागच्या चाकाला जाळी मात्र हवीच.

बॅटरीच्या सायकलीने चढाचा आणि घामाचा प्रश्न पुष्कळ सोडवला आहे. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर आपल्या नियमांत ती मोटारवाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नोंदणी नको. ज्याचं अंतर दहा-बारा किलोमीटर आणि वाटेत मोठा चढ आहे, किंवा ऑफिसात पोचून लगेच चार लोकांपुढे उभं राहायचं आहे, त्याने जरूर विचार करावा. घेताना तीन गोष्टी बघाव्यात. बॅटरी काढून वर घरात नेता येते का? तीच बॅटरी तीन-चार वर्षांनी नवी मिळण्याची खात्री आहे का, आणि केवढ्याला? आणि बॅटरी संपल्यावर सायकल पायाने चालवता येते का? हा तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. बावीस किलोची, एकच गिअर असलेली सायकल बॅटरी संपल्यावर चढाला अक्षरशः दगड होते. म्हणून बॅटरीच्या सायकललाही गिअर हवेत. डोळ्यांनी वायरिंगही तपासावं: जोड उघडे आहेत की रबराच्या टोपीत? आपला पाऊस आडवा येतो.

जात कुठलीही घ्या, टायरमधल्या हवेइतका फरक दुसरं काहीच पाडत नाही. रस्त्याच्या कडेचा मिस्त्री अंगठ्याने दाबून "टाइट आहे" म्हणतो. अंगठ्याला तीस आणि पन्नास यांतला फरक कळत नाही. टायरच्या कडेवर किती पीएसआय हवा ते उठावात छापलेलं असतं. चाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये मी मागे पन्नास-पंचावन्न आणि पुढे दहाने कमी ठेवतो, माझं वजन सत्तर किलो. एवढ्या हवेला खड्ड्याचा दणका टायरच झेलतो आणि स्प्रिंगचा चिमटा नसल्याची उणीव भासत नाही. कमी हवेत रिम खड्ड्याच्या कडेवर आपटते, ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मिस्त्रीच्या घमेल्यातल्या पाण्यात दोन ठिकाणांहून बुडबुडे आले की समजावं, खिळा दोषी नाही. काट्याचा पंप एकदा घ्या आणि दर रविवारी सकाळी दोन्ही चाकं भरा.

घेण्याआधी ट्यूबचा व्हॉल्व्हही बघावा. काळ्या सायकलीचा जुना रबरी नळीचा व्हॉल्व्ह कुठल्याही पंपाला चालतो. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरही हवा मिळते. बारीक, लांब, टोकाला चिमुकला नट असलेला व्हॉल्व्ह मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात अडतो. कामाच्या सायकलला जाड व्हॉल्व्ह बरा. हीच कसोटी सगळ्या भागांना लावावी. घर ते ऑफिस या वाटेवर जो मिस्त्री बसतो त्याच्याकडे एकदा जा आणि त्याच्या डब्यांत काय आहे ते बघा. सात गिअरचं फ्रीव्हील, चेन, ब्रेकच्या केबल, व्ही-ब्रेकचे रबर त्याच्याकडे असतात. तेलाच्या डिस्क ब्रेकचं सामान नसतं, आणि रिमचा आउट काढायची कला आता प्रत्येकाला येतेच असंही नाही. ब्रेकचा निवाडा यातच आला. ॲल्युमिनियमची रिम आणि व्ही-ब्रेक, कुठेही दुरुस्त होणारी आणि पावसातही भरवशाची जोडी. केबलवर चालणारा डिस्क ब्रेक चांगला असेल तर आनंद आहे. स्वस्तातला असेल तर पातं जरा वाकलं की दिवसभर खर्र-खर्र करत राहतं, आणि कधी कधी तोच कॅरियरच्या पायाच्या आड येतो.

चेनला झाकण नसणं हा आजचा सर्वांत मोठा तोटा आहे. गिअरच्या सायकलीला पूर्ण झाकण बसत नाही. निदान पुढच्या चक्राला बाहेरून कडं तरी असावं, म्हणजे पँट काळी होत नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला चेन फडक्याने पुसून शिलाई मशीनचं तेल थेंब-थेंब सोडावं आणि वरचं पुन्हा पुसून घ्यावं. गॅरेजमधलं काळं ऑइल लावू नये. धूळ धरून त्याचा खरखरीत थर होतो आणि दाते खाऊन टाकतो. दिव्यांच्या बाबतीत, मागचा लाल दिवा पुढच्यापेक्षा आधी घ्यावा. चार्ज करायचा दिवा रोज ऑफिसात लावायचं लक्षात राहत नसेल, तर सेलवर चालणारा बरा. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर तर हवाच, त्याला काहीच चार्ज करावं लागत नाही.

माप चुकलं की बाकी सगळं व्यर्थ. सायकल दोन पायांत धरून जमिनीवर सपाट उभं राहिल्यावर नळी आणि अंग यांत दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. मग सीटवर बसून, टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे निम्मे लोक सीट फार खाली ठेवून चालवतात आणि सायकलने गुडघे दुखतात म्हणतात. हँडल सीटच्या पातळीला किंवा जरा वर ठेवा. सीट फार मऊ घेऊ नका. गादीत रुतलेलं बूड पाच किलोमीटरनंतर बधिर होतं. दुकानात फेरी मारताना आपली ऑफिसची बॅग कॅरियरला बांधून मारा आणि एका हाताने चालवत मागे वळून बघून पाहा. सायकल सरळ जाते का, की पुढचं चाक पळ काढतं, हे तिथेच कळतं.

पैशांचं बोलायचं तर सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. करासकट पंधरा हजारांना पडणाऱ्या सायकलीत हा फरक साधारण नऊशे रुपयांचा होतो. तेवढ्यात लांब मडगार्डची जोडी येते, वर घंटीही. खर्चाचा अंदाज बांधताना ठरलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा आधीच वेगळा काढून ठेवावा, मडगार्ड, कॅरियर, स्टँड, दिवे, कुलूप आणि पंप यांच्यासाठी, आणि उरलेल्या चार हिश्श्यांत सायकल शोधावी.

त्या मुलाने शेवटी एक साधी हायब्रिड घेतली. पुढे एक चक्र, मागे सात, चिमटा सरळ, भोकं दोन जोड्या. दुकानदाराने मडगार्ड आतून शोधून आणले. खोक्यावर धूळ होती, फार दिवसांत कुणी मागितले नव्हते. ते बसवायला पाऊण तास लागला. तेवढ्यात अजून दोन गिऱ्हाइकं तिथे येऊन थांबली आणि त्यांतल्या एका बाईंनी दुकानदाराला विचारलं, "दादा, हे आमच्या सायकलला लागतील का हो?"